वक्त्याचा व्यवसाय

तळेगाव दाभाड्याहून उत्तरेस इंद्रायणी ओलांडून गेले म्हणजे मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे हे गाव लागते. उंबरा म्हणजे घर असा अर्थ धरला तर या नावात अतिशयोक्ती आहे खरी. परंतु प्रत्येक उंबऱ्याआड एक प्रपंच आणि त्या प्रपंचाची एक चिंता असते, यात अतिशयोक्ती मुळीच नाही. भातशेतीच्या या मुलखात तळेगावच्या औद्योगिक वसाहतीचा विस्तार झाला, आणि ‘मुलाने आता काय करावे?’ हा जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. जमीन राखावी, नोकरी धरावी, की हाती आलेला पैसा धंद्यात घालावा? अशा वेळी व्याख्याने होतात आणि ‘तरुणांनो, उद्योगी व्हा’ असा उपदेश केला जातो. उपदेश उत्तमच आहे. पण त्यावर घरची पुंजी लावावयाची असेल, तर उपदेशक स्वतः कोणत्या कामात मुरलेला आहे हे विचारणे श्रोत्यांचे कर्तव्यच होय, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील परिचयाची रीत मात्र निराळी आहे. पदव्या, पदे आणि अध्यक्षस्थाने यांची यादी वाचून वक्त्यास हार घातला जातो. गृहस्थ कोणकोणत्या खुर्च्यांवर बसले ते कळते. खुर्चीवरून उठून त्यांनी काय केले ते कळत नाही.

पूर्वीच्या थोर वक्त्यांकडे पाहिले तर त्यांचे बोलणे त्यांच्या व्यवसायातून उगवलेले दिसते. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे अर्थशास्त्रावर अधिकाराने बोलत. तो अधिकार केवळ ग्रंथांचा नव्हता. दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी १८७९ साली जो कायदा झाला, त्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी सावकाराचे कागद आणि कुळांची गाऱ्हाणी जवळून पाहिली होती. १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

महात्मा जोतीराव फुले यांची शाळा सर्वांस ठाऊक आहे. त्यांची ठेकेदारी फारच थोड्यांस ठाऊक असते. पुण्याजवळील खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी बांधकामाचे सामान पुरविले होते. १८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सभासदही झाले. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातील भाग त्यांनी सभांतून वाचून दाखविले. त्यात बंधारे, विहिरी आणि पाटाचे पाणी यांविषयी ज्या सूचना आहेत, त्या दगडचुन्याचा हिशेब ठेवलेल्या माणसाच्या आहेत. त्याच धरणावर पुढे १९०३ साली पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारी दारे बसली. ती योजणारे अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाले होते. १९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाले, आणि भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनीच सावरला. एक ठेकेदार, एक अभियंता. दोघांनीही उद्योगाविषयी समाजास पुष्कळ सांगितले, पण आधी एकाच धरणाला हात लावून!

लोकमान्य टिळक शिक्षक होते, वृत्तपत्रकार होते, कायद्याचा वर्ग चालविणारे होते, तसेच लातूरच्या सरकी काढण्याच्या गिरणीत भागीदारही होते. स्वदेशीवर ते बोलत तेव्हा भांडवल, यंत्र आणि मजूर हे शब्द त्यांस परके नव्हते.

आता पुन्हा मावळात येऊ. घरोघरचा पैसा पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावास काचकारखाना काढला. लोकांनी पैसे दिले ते व्याख्याने ऐकून. पण व्याख्यानाने भट्टी पेटत नाही. वाळू कोणती, आच किती, हे जाणणारा माणूस हवा होता. जपानात जाऊन काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय येथे आले आणि काम चालू झाले. वाणीने निधी जमविला, विद्येने भट्टी चालविली. दोहोंपैकी एक नसते तर दुसरे फुकट गेले असते.

याच तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत २००८ साली सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील मोटारींचे उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले, आणि कायमची समजलेली नोकरी किती कायमची असते हे पुष्कळ कुटुंबांस कळले. २०२३ साली तो कारखाना दुसऱ्या कंपनीने घेण्याचे ठरविले खरे. परंतु मधल्या काळात घरचा हप्ता आणि मुलांची फी थांबली नव्हती. कारखाना उघडताना बोलणारे पुष्कळ असतात. बंद पडल्यावर काय करावे हे सांगू शकणारा विरळा. तोच खरा ऐकण्याजोगा वक्ता.

तेव्हा सुज्ञ वाचकांस आमची एवढीच विनंती की, पुढच्या व्याख्यानास जाल तेव्हा तीन प्रश्न मनात ठेवून जा. यांनी कोणते काम स्वतः केले? त्यात स्वतःचे किती घातले? आणि बुडाले तेव्हा काय केले? एका धंद्यातील यश हा दुसऱ्या धंद्याचा दाखला नव्हे, हेही विसरू नये. उलट, पदवी नसलेला परंतु तीस वर्षे एकच दुकान सचोटीने चालविलेला एखादा गृहस्थ आपल्याच वाड्यात असेल, तर त्यास ओसरीवर बसवून मुलांपुढे बोलते करावे. परिचयाचा कागद नसला तरी चालेल. त्यांचे सांगणे उंबऱ्याच्या आत झाले म्हणून कमी मोलाचे ठरत नाही. कारण निर्णय शेवटी सभेत नव्हे, उंबऱ्याच्या आतच व्हावयाचा असतो.