आवाज आलाच न्हाई की, मॅडम!

सांगलीत विश्रामबागेजवळ माझा दोन खोल्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. हल्ली नवे पेशंट बऱ्याचदा मोबाईल पुढे धरूनच आत येतात. पडद्यावर अमेरिकेतला कुणी कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्याला हातानं झटके देऊन उपचार करणारा, एखाद्याची मान दोन्ही हातांत धरून झटका देत असतो. कट्कन आवाज होतो, झोपलेला माणूस हसायला लागतो. ‘आमचं बी असंच करून द्या.’ तासगावकडच्या एका काकांना मी नीट तपासलं, हातानं खांदा-मान मोकळी केली, तीन व्यायाम शिकवले. मान दोन्हीकडे वळवून त्यांनी बरं वाटतंय हे कबूलही केलं. तरी चेहरा पडलेलाच. म्हणाले, ‘पर आवाज आलाच न्हाई की, मॅडम!’

तो आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची पावती, अशी समजूत आहे. खरं तर सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोट ओढताना ही पोकळी एमआरआयमध्ये टिपली. आवाज आला म्हणून दुखणं गेलं असं नाही, न आला म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही. पण रीलला आवाज लागतो.

कायरोप्रॅक्टिकवाले जाहिरातीत पहिल्यापासून तरबेज. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी ही पद्धत सुरू केली. त्यांचा मुलगा बी. जे. पामर तर जाहिरातीचा बादशहाच. त्यानं १९२२ मध्ये चक्क रेडिओ केंद्र विकत घेतलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३२ मध्ये याच केंद्रावर खेळांचं समालोचन करायला लागले. या जाहिरातबाजीमागे गरजही होती. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं कायरोप्रॅक्टरांशी व्यवहारच ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. हा बहिष्कार बेकायदा असल्याचा निकाल १९८७ मध्ये लागला. डॉक्टरची चिठ्ठी मिळणार नसेल तर थेट लोकांपर्यंत जावंच लागतं.

छोट्या गावातल्या नव्या फिजिओथेरपिस्टची स्थिती फार वेगळी नसते. मोठ्या दवाखान्याची ओळख नाही, चिठ्ठी लिहून पाठवणारं कुणी नाही. मी जाहिरातीवर महिन्याला दोन हजारांच्या वर जात नाही. ट्रायपॉड आणि कॉलरचा माइक एकदा घेतला, तेवढीच यंत्रसामग्री.

सगळ्यात जास्त पेशंट ज्यातून आले त्याला एक रुपयाही लागत नाही. गूगल मॅपवर दवाखान्याची नोंद करायची. वेळा, फोन, पायऱ्या किती आहेत, गाडी कुठे लावायची, हे सगळं भरायचं. कंबर धरून बसलेल्या माणसाला तुमच्या सजावटीत रस नसतो, जिना चढावा लागेल का हे हवं असतं. म्हणून मी दाराचा आणि रॅम्पचा फोटो टाकला आहे. बरं वाटलेल्या पेशंटला अभिप्राय लिहायची विनंती करते, पण त्याबदल्यात फीमध्ये सूट देत नाही. गूगलला ते चालत नाही आणि मलाही नाही.

रीलचं गणित सरळ आहे. कट् आवाजाचं रील पाटण्यापासून ह्यूस्टनपर्यंत पाहिलं जाईल, पण तिथून कुणी विश्रामबागेत येणार नाही. माझा पेशंट पंचक्रोशीतला. म्हणून माझं वेळापत्रक द्राक्षबागा ठरवतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, त्यानंतर घडांची विरळणी. विरळणीला बायका मांडवाखाली तासन्‌तास हात वर आणि मान मागे करून उभ्या असतात. तासगावजवळच्या एका बागेत, मालकाची परवानगी घेऊन, मी मोबाईलवर चित्रीकरण केलं. मजबूत क्रेट पालथा घालून त्यावर उभं राहिलं की हात खांद्याच्या फार वर जात नाहीत, आणि थोड्या थोड्या वेळानं हात खाली सोडून खांदे मागे फिरवायचे, एवढंच त्यात आहे. मिनिटभराचं, साध्या मराठीत, गाण्याशिवाय. पाहणारे बेताचेच, पण फोन आले ते विरळणीला जाणाऱ्या बायकांचे. ‘ते क्रेटवाल्या मॅडम का?’ अशी चौकशी करत. हीच माझी प्रसिद्धी.

पैसे जातात ते फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर, तेही नकाशावर दवाखान्याभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ आखून. मजकूर जपून लिहावा लागतो. ‘तुमची मान दुखते का?’ असं लिहिलेलं त्यांच्या नियमात बसत नाही, कारण वाचणाऱ्याच्या आजाराविषयी थेट बोलणं त्यांना मान्य नाही. ‘मानेच्या दुखण्यासाठी तपासणी व व्यायाम’ एवढं पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपची एक गोम आहे: ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचतो. म्हणून पेशंट उठायच्या आधी मी त्याला नंबर सेव्ह करायला लावते.

काही गोष्टी मात्र मी करत नाही. पेशंटचा चेहरा लेखी संमतीशिवाय दाखवत नाही, आणि उपचाराच्या टेबलावर पडलेल्या माणसाकडे संमती मागतच नाही, कारण तिथे ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. ‘शंभर टक्के बरं’ लिहीत नाही. १९५४ च्या जादुई उपायांविषयीच्या कायद्यात, ज्यांवर औषध किंवा जादुई उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही, अशा आजारांची आणि अवस्थांची यादी आहे. तिच्यात पक्षाघात आहे आणि माणसाची उंचीसुद्धा. कायदा हाताच्या उपचारांना लागू होतो की नाही हा वाद वकिलांनी घालावा. मी ती यादी भिंतीवर लावून ठेवली आहे. मणका ओढून उंची वाढवून देतो म्हणणारी रीलं पाहिली की तिची किंमत कळते.

माझ्या प्रत्येक व्हिडिओच्या खाली फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी अशी स्वतंत्र परिषद नाही, त्यामुळे पाटीवर तो शब्द कुणीही लिहू शकतो. तेव्हा रील पाहून कुणाकडे जाणार असाल तर आधी शिक्षण आणि नोंदणी विचारा. न तपासता, न विचारता कुणी मानेला झटका द्यायला लागला तर उठून या. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होणं क्वचित घडतं, पण घडतं. झटक्यानंतर चक्कर, बोलताना अडखळणं किंवा हातापायाला बधिरपणा आला तर माझ्याकडेही येऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.