शपथ वैद्याची, संमती रुग्णाची

जिवावर बेतले तरी रोग्याचा द्रोह करू नकोस, त्याच्या घरातले बाहेर सांगू नकोस, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला बजावतो. ही शपथ वैद्याला बांधते. पण रोग्याच्या अधिकाराचे काय?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. लस गुणकारी ठरली. तरी प्रश्न उरतोच : गजांआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा? स्वतःचा जीव पणाला लावणे हाफकिन यांच्या हाती होते. दुसऱ्याच्या जिवाचा अधिकार त्या दुसऱ्याचाच.

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने हेच सांगितले : प्रयोगाला माणसाची समजून-उमजून, दबावाविना दिलेली संमती हवीच. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रामागेही तेच तत्त्व आहे. म्हणून अंधेरीत असो वा मुलुंडला, सही करण्यापूर्वी डॉक्टरांना निःसंकोच विचारा. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे; त्यांच्या शपथेची ती दुसरी बाजू आहे.