भंगारात टाकण्याआधी लायनर बघा

डिझेल इंजिन कामाला आलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. धूर निळसर होतो, ऑईल दर चार दिवसांनी भरावं लागतं, ब्रीदरमधून वाफारा येऊ लागतो आणि सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते. मेस्त्री सांगतो, कॉम्प्रेशन गेलंय, किट टाकावं लागेल. हेड उतरतं, पिस्टन बाहेर येतात, जुने लायनर ओढून काढले जातात, नवे बसतात आणि जुने त्याच संध्याकाळी भंगाराच्या ढिगावर पडतात. आक्षेप घ्यायचा तो या शेवटच्या पायरीवर. लायनर वयोमानाने संपतो हे खरं, पण वेळेआधी संपतो तेव्हा त्याला हवा, पाणी किंवा ऑईल यांपैकी कुणीतरी संपवलेलं असतं आणि त्याच्या खुणा लायनरच्या अंगावर स्पष्ट असतात. त्या न बघता टाकलेलं किट म्हणजे अर्धीच दुरुस्ती. नवा लायनर पुन्हा त्याच धुळीच्या आणि त्याच पाण्याच्या हवाली होतो.

ब्लॉक हा इंजिनाचा सांगाडा. खाली क्रँकशाफ्ट, वर हेड, मधे सिलिंडर आणि त्यांच्याभोवती पाण्याच्या नि ऑईलच्या वाटा, असं हे बहुतेकदा बिडाचं एकसंध ओतकाम असतं. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांची ओळखच अशा ओतकामावर उभी आहे. ब्लॉक महाग, ओतायला अवघड, आणि घासला न जाणारा. घासला जातो तो फक्त सिलिंडरचा आतला पृष्ठभाग. म्हणून तेवढाच भाग वेगळ्या नळीचा करायचा, ती झिजली की बदलायची आणि ब्लॉक वाचवायचा, हा लायनरमागचा विचार. ओल्या लायनरच्या पाठीला थेट पाणी लागतं, वर तो कॉलरवर टेकतो आणि खाली रबरी ओ-रिंगा पाणी अडवतात. कोरडा लायनर पातळ असतो आणि ब्लॉकच्या बोअरमध्ये दाबून बसवलेला असतो. पाणी त्याला शिवत नाही. दोन्ही बहुधा बिडाचेच, कारण बिडातले ग्रॅफाइटचे कण ऑईल धरून ठेवतात आणि थोडं वंगण स्वतःही पुरवतात. या बाबतीत दिसायला कितीतरी चकचकीत असलेलं साधं पोलाद बिडाच्या जवळपास येत नाही.

या नळीवर किती भार पडतो ते आकड्यांतच बघावं. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हमखास दिसणारं किर्लोस्करचं टीव्ही-वन हे एका सिलिंडरचं इंजिन घ्या. बोअर 87.5 मिलिमीटर, स्ट्रोक 110 मिलिमीटर, वेग मिनिटाला 1500 फेरे. म्हणजे पिस्टनच्या रिंगा लायनरवरून तासाला जवळजवळ 20 किलोमीटर घासत जातात आणि हजार तासांत सुमारे 20 हजार किलोमीटर, पृथ्वीच्या अर्ध्या प्रदक्षिणेइतकं अंतर. एवढं घासूनही चांगल्या इंजिनात झीज मोजायची ती मिलिमीटरच्या शतांशांत. कारण बहुतांश प्रवासात रिंग लायनरला टेकतच नाही. मधे काही मायक्रॉन जाडीचा ऑईलचा थर असतो. नुसत्या कामाने लायनर संपत नाही असं म्हणण्याला आधार आहे तो याच थराचा.

हा थर सगळ्यांत पातळ होतो तो वरच्या टोकाला. तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, त्यामुळे ऑईलला रेटणारी गती उरत नाही. शिवाय दाब आणि उष्णताही तिथेच सर्वाधिक. म्हणून लायनर नेहमी वर जास्त झिजतो, आणि जिथवर रिंग पोचत नाही तिथे न झिजलेली कड शिल्लक राहते. इथवर हा निसर्गनियम. पण त्या जागी धूळ पोचली की झिजेचा वेग कितीतरी वाढतो. तेच टीव्ही-वन इंजिन तासाला, कागदावरच्या हिशेबाने, 30 घनमीटर हवा ओढतं. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत मावेल त्याहून थोडी जास्तच. मळणीच्या खळ्यावर किंवा ऊसतोडीच्या वाटेवर त्या हवेत काय असतं ते सांगायला नको. मातीतली सिलिका बिडापेक्षा कठीण. ऑईलच्या थराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे कण सर्वांत घातक, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. फिल्टर नवा असूनही हे घडतं, कारण धूळ अनेकदा फिल्टरमधून येतच नाही. फिल्टर आणि मॅनिफोल्ड यांमधला रबरी होज चिरलेला असतो, क्लिप सैल असते, किंवा कंप्रेसरच्या हवेने झटकता झटकता फिल्टरचा कागद फाटलेला असतो. ऑईल-बाथ फिल्टर असेल तर वाटीत ऑईलच्या जागी चिखल साठलेला असतो. जुन्या रिंगा हे सगळं सांगतात. वरची रिंग सर्वाधिक खाल्लेली असेल तर धूळ हवेतून आली. खालची ऑईल रिंग आणि बेअरिंगही तितकीच खाल्ली असतील तर दोष ऑईलमध्ये किंवा त्याच्या फिल्टरमध्ये शोधायचा.

अनुभवी मेस्त्री म्हणेल, यात नवीन काय, कडेवरून नख फिरवलं की कळतं. नखाला कड कळते हे मान्य. पण बोअर लंबगोल झालाय का हे नखाला कळत नाही, आणि पाच शतांश मिलिमीटरचा लंबगोलपणा रिंगांना पुरतो. त्यासाठी बोअर डायल गेज वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा फिरवावा लागतो. सहा आकडे मिळतात. वर आणि खालच्या आकड्यांतला फरक म्हणजे टेपर, आडव्या आणि उभ्यातला फरक म्हणजे लंबगोलपणा. झीज एकाच बाजूला तिरकी गेली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याची शक्यता आहे, आणि मग नुसता लायनर बदलून काहीच साधत नाही. अनुभवाला कमी लेखायचं कारण नाही. पण हे आकडे वहीत लिहिलेले असले तर मालकालाही दाखवता येतात.

खरी चोरी मात्र लायनरच्या पाठीमागे होते आणि तिथे बघणारे कमी. पॉवर स्ट्रोकला कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आपटतो आणि लायनर अतिवेगाने थरथरतो. त्याची पाठ पाण्यापासून क्षणभर सुटली की तिथला दाब पडतो, वाफेचे बारीक बुडबुडे होतात, आणि लायनर परत येताच ते फुटतात. प्रत्येक फुटण्यासरशी बिडाचा सूक्ष्म कण उडतो. शेकडो तासांनी त्या बाजूला वरून खाली छिद्रांची रांग दिसू लागते आणि एखादं छिद्र आरपार जातं. मग पाणी ऑईलमध्ये उतरून ते ताकासारखं पांढरट होतं. कधी रात्रभरात सिलिंडरमध्येच पाणी साठतं. पाणी दाबलं जात नाही, आणि सकाळी स्टार्टर मारताच रॉड वाकतो. डिझेल इंजिनाच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखी रसायनं असतात ती यासाठीच. ती बिडावर पातळ थर धरतात. बुडबुडे तो थर खातात, थर पुन्हा धरतो. रेडिएटरचं टोपणही इथे कामाचं, कारण त्याने धरलेल्या दाबामुळे बुडबुडे होणंच अवघड जातं. टोपणाची स्प्रिंग गेलेली असेल तर वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

कूलंट महाग, विहिरीचं पाणी फुकट, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण दख्खनच्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, आणि जड पाणी तापलं की क्षार लायनरच्या पाठीला चिकटतात. हा थर बिडाच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहतो. तापमापक बघतो ते पाण्याचं तापमान. थरामागे लायनर किती तापलाय ते त्याला कळत नाही. पिस्टन फुगतो, ऑईलचा थर तुटतो, आतून उभे ओरखडे येतात आणि ‘इंजिन जाम झालं’ म्हणून दोष ऑईलवर जातो. लायनर उलटून पाठ बघितली असती तर पांढरट खवल्याने खरं कारण सांगितलं असतं.

तापण्याची भीती एवढी खोल रुजली आहे की अनेक जण थर्मोस्टॅटच काढून टाकतात. साधारण 80 अंशांच्या आसपास उघडणारी ही झडप नसली की इंजिन गार राहतं, म्हणजे चांगलंच, असा समज. हा समज लायनरला मारतो. गार भिंतीवर जळालेल्या वायूतली वाफ दवासारखी साचते, डिझेल पूर्ण जळत नाही आणि ऑईल धुऊन नेतं. पूर्वी डिझेलमधल्या गंधकाचं याच ओलाव्यात आम्ल होत असे. 1 एप्रिल 2020पासून देशभर बीएस-6 इंधन आलं, गंधकाची मर्यादा दशलक्षात 10 भागांवर आली, त्यामुळे आम्लाचा मुद्दा आता बराच बोथट झालाय हे खरं. ओलावा आणि धुऊन जाणारं ऑईल मात्र तसंच आहे. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येतं आणि भाराखाली इंजिन उलट जास्त तापतं. शहरांत याचं वेगळं रूप दिसतं. सोसायटीचा मोठा जनरेटर एक लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांवर तासन्‌तास चालतो. भार कमी, सिलिंडर गार, रिंगांमागे दाब नाही. लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो, त्यावर ऑईल टिकत नाही आणि क्षमतेहून कितीतरी कमी काम केलेलं इंजिन ऑईल खाऊ लागतं.

नवा लायनर बसवतानाही घाई नडते. ओला लायनर आधी ओ-रिंगा न घालता ब्लॉकमध्ये सोडून बघायचा असतो. त्याची कॉलर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा किंचित वर राहिली पाहिजे. किती ते इंजिनावर ठरतं, पण बहुधा मिलिमीटरचे काही शतांश. कमी राहिली तर हेड गॅस्केटवर दाब येत नाही आणि गॅस सुटतो. बैठकीत जुन्या कार्बनचा बारीकसा खडा राहिला तर लायनर तिरका बसतो आणि हेडचे बोल्ट आवळताना कॉलरला तडा जातो, जो कळतो महिन्याभराने. म्हणून डायल गेज चार बाजूंना लावायचा. जुना लायनर होन करून, म्हणजे आतून दगडाने घासून तिरपे चर पाडून, पुन्हा वापरायचा असेल तर होनिंगनंतर तो रॉकेलने पुसू नये. रॉकेलने दगडाची भुकटी त्या चरांत आणखी आत जाऊन बसते. गरम साबणाच्या पाण्याने ब्रशने घासायचं, पांढरं फडकं आत फिरवल्यावर ते पांढरंच बाहेर येईपर्यंत, आणि लगेच ऑईल लावायचं. गॅरेजमध्ये या पांढऱ्या फडक्याची चाचणी क्वचित होते, आणि होनिंग करूनही रिंगा लवकर गेल्याच्या निम्म्या तक्रारी, माझ्या मते, या न झालेल्या धुण्यातून येतात.

हंगामात एवढं करायला वेळ कुणाला, हा सर्वांत वजनदार आक्षेप. ऊस तुटून पडलाय, ट्रॅक्टर उभा आहे. अशा वेळी गेज फिरवत बसणं चैन वाटते. बरं, मग त्या दिवशी किट टाका. पण होज चाचपून बघणं, टोपण तपासणं आणि लायनरची पाठ बघणं यांना मिळून अर्धा तास लागतो, आणि मापं भंगारवाला येईपर्यंत केव्हाही घेता येतात. दुसरा आक्षेप असा, की अनेक नव्या इंजिनांत लायनरच नसतो, बोअर थेट ब्लॉकमध्येच असतो, तेव्हा ही चर्चा जुन्या काळाची. ती तिथे जास्तच लागू पडते. थेट बोअर झिजला तर तो अर्धा मिलिमीटर, कारखान्याच्या भाषेत वीस थाउ, मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागतो, आणि ती सोय एक-दोनदाच मिळते. त्यानंतर कोरडी स्लीव्ह दाबावी लागते, तीही त्या ब्लॉकच्या भिंतीत तेवढी जाडी असेल तर. नसेल तर ब्लॉकच बदलावा लागतो.