विनापरवाना माळ्याची खोली आणि घराची विक्री : इंग्लंडमधील बांधवांसाठी

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर आपल्याला परिचित आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. मात्र राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी आधी घेतलेली नव्हती. कॅम्डेन कौन्सिलने ती २०१८ मध्ये नाकारली, २०१९ मध्ये सार्वजनिक सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने मंजुरी दिली, तेव्हा कुठे स्मारक वाचले. त्या काळात आपण सर्वांनीच ‘प्लॅनिंग परमिशन’ हा शब्द ऐकला.

पण घराच्या माळ्यावर खोली काढताना एवढी एकच परवानगी पाहून चालत नाही, आणि गोंधळ इथेच होतो.

महाराष्ट्रातून गेलेले आपले अनेक तरुण आता तिकडे घरे घेत आहेत, विकत आहेत. दोन बेडरूमचे रांगेतील घर घ्यायचे, कुटुंब वाढले की कौलांखालच्या माळ्याला जिना लावायचा, फळ्या ठोकायच्या, छपरात खिडकी बसवायची. ओळखीचा बिल्डर सांगतो, “याला परवानगी लागत नाही.” तो अर्धेच खरे सांगतो. रांगेतील घराच्या माळ्यात ४० घनमीटरपर्यंत आणि सुट्या किंवा जोडघरात ५० घनमीटरपर्यंत वाढ, इतर अटी पाळल्या तर, बहुधा प्लॅनिंग परमिशनशिवाय करता येते. बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. माळा राहण्याजोगा करायचा तर ती घ्यावीच लागते. काम पुरे झाल्यावर मिळणारे कंप्लीशन सर्टिफिकेट म्हणजे त्या मंजुरीचा पुरावा.

हा कागद नसला तरी वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही. विचारतो तो घर विकताना समोरच्याचा सॉलिसिटर. विकणाऱ्याला टीए६ नावाचा माहितीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात घरात काय बदल केले, मंजुरी होती का, असे थेट प्रश्न असतात. “माहीत नाही” असे लिहून वेळ मारून नेण्याचा सल्ला देणारे भेटतात. स्वतः बांधून घेतलेल्या खोलीबद्दल असे लिहिणे म्हणजे खोटी माहिती देणे, आणि खरेदीदार पुढे भरपाईचा दावा करू शकतो. पंचशीलातील चौथे शील आपल्याला माहीत आहेच. इथे कायदाही तेच सांगतो.

मग मार्ग कोणते?

पहिला मार्ग रेग्युलरायझेशनचा. ११ नोव्हेंबर १९८५ नंतर झालेल्या कामासाठी घरमालक कौन्सिलकडे अर्ज करू शकतो. निरीक्षक येतो. आतील तुळया, लोखंडी बीम दिसावेत म्हणून प्लास्टर किंवा फळ्या उघडायला सांगू शकतो. दुरुस्ती सुचवली तर ती करावी लागते. खर्च होतो, आठवडे जातात, पण हातात खरा कागद येतो.

दुसरा मार्ग इन्डेम्निटी इन्शुरन्सचा. एकदाच हप्ता भरायचा. पुढे कौन्सिलने कारवाई केली तर होणारे नुकसान विमा भरून देतो. सॉलिसिटर लोकांचा हा आवडता उपाय, कारण विक्री लवकर होते. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवावी. आपण कौन्सिलला फोन करून “आमच्या माळ्याला मंजुरी नाही” असे सांगून बसलो, तर हा विमा सहसा मिळत नाही. म्हणून मार्ग ठरवल्याशिवाय कौन्सिलशी बोलू नये, आधी आपल्या सॉलिसिटरशी बोलावे.

“जुने काम आहे, आता कोण काय करणार?” हेही नेहमी ऐकू येते. इंग्लंडमध्ये नियमबाह्य काम काढून टाकण्याची किंवा बदलण्याची नोटीस देण्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती दहा वर्षे झाली आहे. त्यामुळे जुन्या अनुभवाचे सल्ले जपून घ्यावेत.

आमचे मत विचाराल तर विम्यावर थांबू नये. विमा कागदाची जोखीम घेतो, जिवाची नाही. माळ्याची मूळ लाकडे खालचे छत धरण्यापुरती असतात. पलंग, कपाट आणि माणसे यांच्यासाठी ती नसतात. आणि दुमजली घर तिमजली झाले की रात्री आग लागल्यावर वरच्या माणसाला खिडकीतून उडी मारता येत नाही. म्हणूनच नियम जिन्यापासून बाहेरच्या दारापर्यंत आगीपासून सुरक्षित वाट, आग रोखणारी दारे आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांना जोडलेले, विजेवर चालणारे धूर-अलार्म मागतो. त्या खोलीत बहुधा घरातील मुले झोपतात. विकायचे असो वा नसो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवून घ्यावे. त्याचा अहवाल खरेदीदारालाही देता येतो.

तिसरा मार्ग म्हणजे आहे तसे सांगून विकणे. जाहिरातीत ‘तीन बेडरूम’ न लिहिता दोन बेडरूम आणि ‘लॉफ्ट रूम’ लिहायचे. किंमत कमी येते, कारण खरेदीदाराला कर्ज देणारी बँकही ती खोली बेडरूम म्हणून धरत नाही. पण सौदा अर्ध्यावर मोडण्याची भीती त्यात कमी. सर्व्हेअर येऊन गेल्यावर, पुढच्या घराचे पैसे अडकलेले असताना हीच गोष्ट उघड झाली, तर खरेदीदार हवी तेवढी किंमत पाडून मागतो.

स्कॉटलंडची पद्धत निराळी आहे. तेथील बांधवांनी तेथील सॉलिसिटरलाच विचारावे. आणि ज्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे, त्यांनी बिल्डरचा शेवटचा हप्ता कंप्लीशन सर्टिफिकेट हातात येईपर्यंत राखून ठेवण्याचे करारातच लिहून घ्यावे.