उन्हाळ्यासाठी गवती चहाचा बर्फकिस

उन्हाळा आला की जत्रेत आणि शाळेच्या दारात बर्फाचे गोळे विकले जातात. हा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे खाणाऱ्याला कळत नाही. पाणी गोठले म्हणजे त्यातील रोगजंतू मेले, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. थंडीने जंतूंची वाढ थांबते. परंतु बरेच जंतू जिवंत राहतात. पाणी चांगले उकळल्यास मात्र रोगजंतू मरतात. म्हणून मुलांसाठी उकळलेल्या चहाचा बर्फकिस घरीच करणे हिताचे आहे.

साहित्य : पाणी १ लिटर, साखर २०० ग्रॅम, गवती चहाची ८ ते १० पाने, आल्याचा लहान तुकडा, चहापूड २ चमचे, लिंबे २, चिमूटभर मीठ.

गवती चहा बांधावरचा असल्यास शेजारच्या पिकावर औषध फवारलेले नाही, याची खात्री करावी. सांडपाण्यावर वाढलेली पाने घेऊ नयेत.

कृती : पाने स्वच्छ धुऊन कापावीत. पाणी खळखळून उकळावे व त्यात साखर आणि मीठ विरघळवावे. नंतर पाने व ठेचलेले आले टाकून मंद आचेवर ५ मिनिटे झाकून ठेवावे. पानांचा सुवास सिट्रल या उडून जाणाऱ्या घटकामुळे येतो, म्हणून झाकण आवश्यक आहे. भांडे उतरवून चहापूड घालावी व ३ ते ४ मिनिटांनी गाळावे. चहापूड जास्त उकळल्यास तुरटपणा वाढतो. पूर्ण थंड झाल्यावर लिंबाचा रस मिसळावा.

हे मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात २ ते ३ सें.मी. उंचीपर्यंत ओतून झाकावे व फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. सुमारे तासाभराने कडा गोठू लागतात. त्या काट्या-चमच्याने खरवडून मध्ये ढकलाव्यात. दर अर्ध्या तासाने असे केल्यास ३ ते ४ तासांत मऊ, रवाळ किस तयार होतो.

साखर कमी करू नये. साखरेच्या पाण्यातील पाणी आधी गोठते आणि उरलेला घट्ट पाक बर्फाच्या कणांमध्ये राहतो. त्यामुळे दगडासारखी लादी होत नाही. मात्र साखर फार वाढविल्यास मिश्रण नीट गोठत नाही. शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते.

फ्रीज नसल्यास : मिश्रण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावे. मोठ्या भांड्यात ३ भाग बर्फाचा चुरा व १ भाग जाडे मीठ मिसळून त्यात डबा ठेवावा. मिठामुळे बर्फ वितळतो व त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो. डबा फिरवत राहावे आणि मधूनमधून कडा खरवडाव्यात. हा विकतचा बर्फ किंवा त्याचे खारे पाणी आत जाऊ देऊ नये. खाण्यास अयोग्य बर्फ ओळखता यावा, म्हणून त्याला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली करण्यात आला.

दक्षता : अॅल्युमिनियमची किंवा कल्हई नसलेली पितळी भांडी वापरू नयेत, लिंबाचे आम्ल त्यांवर परिणाम करते. भारनियमनात किस वितळून बराच वेळ तसाच राहिला असेल, तर तो पुन्हा गोठवून खाऊ नये. चमचा व वाट्या उकळत्या पाण्याने धुवाव्यात. नाहीतर पाणी उकळण्याचा उपयोग होणार नाही.