तारे वाढले म्हणून गल्ला वाढतो का?

जनसंपर्क म्हटलं की आपल्याला मोठी कंपनी आणि पत्रकार परिषद आठवते. पण छोटा हॉटेलवाला हे काम रोजच करत असतो. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाईकाशी तो कसा बोलतो, ऑनलाइन कुणी वाईट रिव्ह्यू टाकला तर काय उत्तर देतो, हा त्याचा जनसंपर्कच. त्याचा प्रश्न साधा असतो: यात वेळ घातला तर धंदा वाढतो का?

हाच प्रश्न तुम्ही संशोधनासाठी घेतलात, असं समजा. शंभर हॉटेलांचं रेटिंग आणि उत्पन्न गोळा केलंत. रेटिंग जास्त तिथे उत्पन्नही जास्त दिसलं. झालं सिद्ध? नाही. जेवण चांगलं असेल तर रेटिंगही वाढतं आणि गर्दीही वाढते. दोन्हींच्या मागे तिसरंच कारण असू शकतं. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात, आणि गाईडचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा यावरच असतो.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी 2011 च्या शोधनिबंधात यातून छान वाट काढली. त्यांनी अमेरिकेतल्या सिएटल शहरातली रेस्टॉरंट्स घेतली. 2003 ते 2009 या काळातले उत्पन्नाचे आकडे वॉशिंग्टन राज्याच्या महसूल खात्याकडून मिळवले आणि रेटिंग 'येल्प' या वेबसाइटवरून घेतलं. येल्प सरासरी रेटिंग जवळच्या अर्ध्या ताऱ्यापर्यंत पूर्णांकित करून दाखवत असे. म्हणजे सरासरी 3.24 असेल तर 3 तारे दिसणार आणि 3.25 असेल तर साडेतीन. आता बघा, या दोन रेस्टॉरंट्सच्या जेवणात फरक किती? जवळपास नाहीच. पण गिऱ्हाईकाला दिसणाऱ्या ताऱ्यांत मात्र अर्ध्याचा फरक! मग रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रेस्टॉरंट्सच्या उत्पन्नात जो फरक पडेल, तो चवीचा नाही, ताऱ्यांचा. या पद्धतीला रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी म्हणतात.

निष्कर्ष असा, की एक तारा वाढला तर उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं. पण हे स्वतंत्र, छोट्या रेस्टॉरंट्सपुरतंच. मोठ्या साखळी ब्रँड्सवर परिणाम दिसला नाही. ब्रँडकडे काय मिळणार हे लोकांना आधीच माहीत असतं. अनोळखी छोट्या हॉटेलासाठी मात्र दुसऱ्याचं मत हीच माहिती असते.

इथे एक शंका यायलाच हवी. मालकांनीच खोटे रिव्ह्यू टाकून रेघ ओलांडली असेल तर? तसं असतं, तर रेघेच्या अगदी वर रेस्टॉरंट्सची दाटी दिसली असती. लुका यांनी ते तपासलं. तशी दाटी नव्हती.

आता पुढचा प्रश्न: रिव्ह्यूला उत्तर दिल्याने काय होतं? प्रोसर्पियो आणि झर्वास यांनी 2017 मध्ये 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात टेक्सासमधल्या हॉटेलांचा अभ्यास छापला. अडचण तीच. उत्तरं द्यायला लागलेल्या हॉटेलाने त्याच सुमारास खोल्याही रंगवल्या असतील. म्हणून त्यांनी त्याच हॉटेलाचं दोन वेबसाइट्सवरचं रेटिंग ताडून पाहिलं. ट्रिपॲडव्हायझरवर मालक उत्तरं देत होते, एक्सपीडियावर क्वचितच. खोल्या रंगवल्याचा फायदा दोन्हीकडे दिसेल, उत्तरांचा एकाच ठिकाणी. उत्तरं सुरू झाल्यावर रिव्ह्यू सुमारे 12 टक्क्यांनी वाढले आणि रेटिंग सरासरी 0.12 ताऱ्याने. वाईट रिव्ह्यू कमी झाले, पण जे आले ते लांबलचक. मालक वाचतोय हे दिसल्यावर लोक उगाच दोन ओळी खरडत नाहीत, तक्रार नीट मांडतात, असं लेखकांचं स्पष्टीकरण आहे.

मोह होतो तो इथेच. 0.12 ला 5-9 टक्क्यांनी गुणून "उत्तर द्या, इतकं उत्पन्न वाढेल" असं लिहून टाकायचं. असं करू नका. एक अभ्यास सिएटलच्या रेस्टॉरंट्सचा, दुसरा टेक्सासच्या हॉटेलांचा. दुसऱ्यात उत्पन्न मोजलेलंच नाही. कुणी छोटा व्यावसायिक तुमच्या आकड्यावर विसंबून पगारी माणूस ठेवेल, तर तोटा त्याला होणार, तुमच्या प्रबंधाला नाही. उत्तर दिल्याने रेटिंग थोडं सुधारतं, एवढं मात्र सांगता येतं.

हाच अभ्यास नाशिकच्या मिसळवाल्यांवर जसाच्या तसा करता येणार नाही. गूगल रेटिंग 4.3 असं दशांशात दाखवतं, त्यामुळे अर्ध्या ताऱ्याची उडी मिळत नाही. जीएसटीची विवरणपत्रं गोपनीय असतात, आणि कितीतरी छोटे धंदे जीएसटीत येतच नाहीत. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी दोन गोष्टी कागदावर मांडा: जवळपास सारखे दोन गट तुम्हाला कुठे सापडतील, आणि गल्ल्याचा आकडा कोण देईल. या दोन्हींची उत्तरं मिळाली की मग प्रश्नावली बनवायला घ्या.