लेकरांसोबत वाटेतलं जेवण

भिवंडी तालुक्यातल्या दापोड्याच्या गोदामपट्ट्यातून मानकोलीला आलं की नाशिक-शिर्डीचा रस्ता लागतो. सोबत लहान मूल असेल, तर कुठे आणि कधी जेवायचं हे घरीच ठरवा.

● थांबा : समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. या मार्गावर चढण्याआधीच मुलांचं खाणं उरका. जुन्या महामार्गाने जाणार असाल, तर पडघा, शहापूर किंवा खर्डीला थांबता येतं. कसारा घाटाआधी मात्र हलकंच खाऊ द्या, वळणांवर मळमळतं.

● काय मागवाल : गरम इडली, वरण-भात, मऊ खिचडी. तिखट वेगळं द्यायला सांगा. उघडी चटणी, कापून ठेवलेली फळं आणि बर्फ टाळा.

● काय देऊ नये : वर्षाच्या आतल्या बाळाला मध. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे. ते श्वासनलिकेत अडकू शकतात.

● बिल तपासा : १ जानेवारी २०२२पासून बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. सेवाशुल्क ऐच्छिक असतं. सक्ती झाली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करा.

● पिशवीत असू द्या : घरचं उकळलेलं पाणी, वाटी-चमचा, लाळेरं, ओआरएसची पुडी.

मूल भुकेने रडायला लागण्याआधीच गाडी थांबवा. पोहोचायला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.